दोन सेन्सर बदलले, तरी पी०१३१ पुन्हा दारात

पाना२२ :
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. जुनी पिकअप, पेट्रोल व्ही-८, १ लाख ९० हजार किलोमीटर झालेत. चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०१३१ : बँक १ (सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एक), सेन्सर १ (एक्झॉस्टमधला पुढचा ऑक्सिजन सेन्सर), व्होल्टेज कमी. सेन्सर बदलला. नऊ दिवस शांतता, मग पुन्हा तोच, आणि सोबतीला पी०१७१, म्हणजे बँक १ चं मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी). मला वाटलं स्वस्तातला घेतला त्याची शिक्षा, म्हणून दुसरा ओरिजिनल टाकला. तो बारा दिवस टिकला. कनेक्टरमध्ये गंज नाही, वायर कुठे एक्झॉस्टला टेकून वितळलेली नाही, हीटरच्या दोन वायरींमध्ये ६ ओहम येतात. गाडी ओढते छान, पेट्रोल मात्र जरा जास्त पिते. आता तिसरा सेन्सर आणू की ईसीयूवर, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर, संशय घेऊ?

धुराडं :
माझ्या गाडीत तो दिवा चार वर्षं लागलेला आहे. काळी टेप लावा.

रिटायर्ड_फिटर :
टेपवाल्यांकडे लक्ष देऊ नका. तिसरा सेन्सर तर मुळीच आणू नका.

पी०१३१ म्हणजे 'सेन्सर मेला' नव्हे. सिग्नल बराच वेळ खालीच पडून आहे, एवढंच ईसीयू सांगतोय. साधा झिर्कोनियाचा सेन्सर गरम झाला की ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली हलत राहतो. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की खाली बसतो. तो ऑक्सिजन कुठून आला, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. सेन्सर खरंच जिवंत आहे का ते बघायचं असेल तर इंजिन गरम असताना, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता), इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडा. झटकन ०.८ च्या वर गेला तर त्याची काही चूक नाही.

आणि मला तीन गोष्टी सांगा. दोन्ही बँकांचे फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते) आयडलला किती, २५०० आरपीएमला किती, आणि कोड पडला तेव्हाच्या फ्रीझ फ्रेममध्ये (त्या क्षणी ईसीयूनं साठवलेले आकडे) कूलंटचं तापमान काय होतं.

पाना२२ :
प्रोपेन दिला, ०.८६ वर उडी मारली.

बँक १ लाँग टर्म ट्रिम : आयडलला +१९ टक्के, २५०० ला +६. बँक २ कुठेच +३ च्या वर नाही. फ्रीझ फ्रेमचे फोटो फोनमध्ये होते, नशीब. तिन्ही वेळा कूलंट ३० ते ४० अंश, आयडल. हे मी आधी बघितलंच नव्हतं, नुसता कोड वाचून उडवत होतो.

ऑफसेट_पाना :
दोन्ही बँकांचे पुढचे सेन्सर एकसारखे असतील तर अदलाबदल करून बघा. कोड पी०१५१ झाला तर सेन्सर, पी०१३१ च राहिला तर दुसरं काहीतरी.

रिटायर्ड_फिटर :
एरवी करा म्हटलं असतं, पण प्रोपेननं उत्तर दिलंय. जुने सेन्सर उगाच खोलू नका, आटे घेऊन बाहेर येतात.

आता बघा. पेट्रोल पंप, फिल्टर, एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) दोन्ही बँकांना सामाईक. त्यातलं काही बिघडलं असतं तर बँक २ पण वर गेली असती. म्हणजे भानगड एकाच बाजूला. शिवाय आरपीएम वाढवले की ट्रिम खाली येतो, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा शिरतेय. इनटेकचं गॅस्केट असू शकतं. पण कोड दरवेळी गार इंजिनवरच पडतोय, म्हणून माझा डोळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा, हेडला बसवलेला भाग) आहे. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं मिश्रण लीन, ईसीयू पेट्रोल वाढवतो. तुमची गाडी जास्त पिते ती याच्यामुळे. लोखंड तापून फुगलं की फट मिटते.

सकाळी चालू केल्यावर टकटक येते का?

पाना२२ :
येते! दोन मिनिटं. मी तिला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) समजून वर्षभर जाडं ऑइल घालतोय.

रिटायर्ड_फिटर :
हं. इंजिन बंद, पूर्ण गार. व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा, भोवती चिंध्या कोंबा, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. मागच्या सिलिंडरकडे आरसा धरून बघा, तिथला स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरणारा बोल्ट) आधी तुटतो.

पाना२२ :
सापडलं. सगळ्यात मागचा स्टड हेडला समतल तुटलेला, भोवती काजळीचा पंखा, आणि साबणाचे बुडबुडे तिथूनच. वरून काही दिसत नव्हतं, चाकाच्या बाजूनं हात घातला तेव्हा कळलं.

तुटका तुकडा काढण्यात अख्खा रविवार गेला. त्यावर नट वेल्ड केला, तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा लाल गरम असताना तुकडा हलला. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवली तर किंचित वाकलेला, म्हणून फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून, घेतला. नवं गॅस्केट, स्टड सगळे नवे. हात शिवशिवत होते, पण सिलिकॉन कुठेच लावलं नाही. त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो असं इथेच कुणीतरी लिहिलं होतं.

आज पाच आठवडे झाले. बँक १ आयडलला +२. सकाळची टकटक गेली, आता खरंच टॅपेट वाजतो का ते ऐकू येईल.

धुराडं :
काढलेला पहिला सेन्सर टाकून दिलात का? नसेल तर मला द्या. टेप सुटायला लागलीय.