गिझर चालू केला की अख्ख्या घराची लाईट जाते, स्वतः उघडू की माणूस बोलावू?

खटपट्या:
मंडळी, १५ लिटरचा गिझर आहे, सहा वर्षं झाली, सोसायटीत निम्मं वर्ष टँकरचं पाणी. परवापासून गिझरचं बटण दाबलं की पाचेक सेकंदात खट्, सगळं घर अंधारात. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो न बघताच म्हणतो टाकी गेली असणार, नवीनच घ्या, आणि बघायला यायचे पैसे वेगळे. मिक्सरचा कपलर, पंख्याचा कपॅसिटर वगैरे मी घरीच बदलतो, त्यामुळे हात शिवशिवतायत पण बायको म्हणते पाणी आणि करंट एकत्र आहे, तू लांब रहा. काय करू? आठवडाभर गॅसवर पाणी तापवतोय.

मल्टीमीटर:
आधी सांगा की मेन बोर्डातला कुठला खटका पडतंय, एमसीबी (फ्यूजच्या जागचा) की त्याच्या शेजारचं टेस्टचं बटण असलेलं आरसीसीबी? एमसीबी पडला तर शॉर्ट किंवा लोड जास्त, आरसीसीबी पडला तर करंट कुठेतरी अर्थिंगला गळतोय. तुमच्या वर्णनावरून दुसरं वाटतंय, आणि टँकरचं पाणी म्हणजे ९०% पाणी तापवणारी कॉईलच (हा आकडा माझ्या मनाचा). कॉईलवर क्षार चढतात, आतली उष्णता बाहेर पडत नाही, कॉईलवरचं धातूचं आवरण तडकतं आणि पाणी आत शिरतं.
तपासणी घरी होते. मेन बंद, प्लग बाहेर, खालचं झाकण काढा, फोटो काढून ठेवा (हे विसरू नका, नंतर कुठली वायर कुठे ते आठवत नाही), कॉईलच्या दोन्ही वायरी सुट्या करून मीटर लावा. २००० वॅटची असेल तर दोन टोकांमध्ये २६ ओहमच्या आसपास यायला हवं. मग एक टोक आणि टाकीचा पत्रा, तिथे काहीच यायला नको. आलं तर कॉईल गेली. नाही आलं तरी लगेच निर्धास्त होऊ नका, बारीक गळती साध्या मीटरला सापडत नाही, त्याला मेगर (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारं मीटर) लागतो.

घाबरट काका:
उघडू नका म्हणणार होतो, पण आमचा किस्सा ऐका. आमच्याकडे हाच प्रॉब्लेम, कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन आला, दहा मिनिटांत चालू करून गेला, आम्ही खूश. चार दिवसांनी नळाला हात लावला की झिणझिण्या. पठ्ठ्याने अर्थिंगची वायरच काढून ठेवली होती! अर्थिंग नाही म्हणून गळती नाही, गळती नाही म्हणून ट्रिप नाही. नशीब की कोणी ओल्या अंगाने शॉवरखाली उभं नव्हतं. तेव्हा माणूस बोलावला म्हणजे सेफ असं काही नसतं. तो गेल्यावर त्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा, पण त्याने आरसीसीबी चालू आहे एवढंच कळतं, गिझरच्या अर्थिंगचं नाही. ते त्याच्याकडूनच समोर उभं राहून तपासून घ्या.

पाटा_वरवंटा:
मी बदललीय कॉईल, बाई असून वगैरे कोणी म्हणायला नको :) इलेक्ट्रिकचं काम सोपंय हो, वैताग पाण्याचा आहे. १५ लिटर म्हणजे १५ किलो, ते आधी खाली काढावं लागतं, आणि स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर नट सोडवायचे, गंजलेले. आतून अर्धी बादली चुन्याचे पोपडे निघाले. मॅग्नेशियमचा रॉड होता त्याची फक्त तार उरली होती, तो पण बदला, टाकी गंजू नये म्हणूनच असतो तो. मी गॅस्केट (सांध्यातलं रबर) जुनंच लावलं कंजूषपणाने आणि रात्रभर टपटप, परत सगळं उघडलं. नवीनच लावा.
आणि भरल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येईपर्यंत बटण दाबायचं नाही, नाहीतर नवी कॉईल कोरडी जळते.

खटपट्या:
अपडेट. आरसीसीबीच पडत होता. मीटर लावला, पत्र्याला चक्क रीडिंग आलं. म्हणजे कॉईलच, टाकी वगैरे काही नाही. वॉरंटी कार्ड पण सापडलं, टाकीची सात वर्षं, म्हणजे टाकी गेली असती तरी कंपनीनेच बदलून द्यायची होती, हे त्या फोनवरच्याने सांगितलंच नाही!! मग कॉईल, गॅस्केट, रॉड मीच आणले आणि बसवायला माणूस बोलावला, कारण आमचा गिझर माळ्याखाली असा कोंबलाय की माझा हातच जात नाही. ४०० घेतले त्याने. अर्थिंग समोर उभं राहून बघितलं, त्याला राग आला थोडा, येऊ दे.

मल्टीमीटर:
भारी. तापमान किती ठेवता? फुल्ल असेल तर खाली आणा, ५०-५५ पुरतं, ६० च्या वर क्षार फार पटापट बसतात.

खटपट्या:
फुल्लच होतं :(