ईस्टरची बातमी आधी बायकांनी सांगितली, मग प्रवचनाला त्या का चालत नाहीत?

वसईची_लेक: ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्या सकाळच्या मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) दरवर्षी एक गोष्ट खटकते. योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा) २० वा अध्याय वाचतात आणि ९ व्या वचनाला थांबतात. येशूची शिष्या मग्दालीया मरीया धावत येऊन थडग्यात प्रभू नाही असं सांगते, पेत्र आणि दुसरा शिष्य पळत जातात, थडग्यात बघतात. संपलं वाचन. ती रडत तिथेच थांबते, येशूला माळी समजते, तो नावाने हाक मारतो आणि ‘माझ्या भावांना जाऊन सांग’ म्हणतो, हे सगळं ११ ते १८ मध्ये आहे. ते वाचतात मंगळवारी! मंगळवारी देवळात किती माणसं असतात, ते काय सांगायचं. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या (येशूच्या मुख्य शिष्यांच्या) सणांच्या बरोबरीला आणला, छानच झालं. पण मिस्सेतलं प्रवचन आजही धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीच्या दीक्षिताने) करायचं. आम्ही पहिली दोन वाचनं करायची, गायचं आणि वेदीवर फुलं लावायची.

जुनाजाणता: अर्धंच सांगताय. आदल्या रात्रीच्या जागराला मत्तय, मार्क, लूक ही शुभवर्तमानं दरवर्षी एक अशी आळीपाळीने फिरतात आणि तिन्हींत थडग्याशी आधी बायकाच पोचतात. शिवाय बातमी सांगणं वेगळं, प्रवचन वेगळं. ‘सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ ही आज्ञा मत्तयात अकरा प्रेषितांना आहे. धर्मशिक्षणाचे वर्ग बहुतेक ठिकाणी बायकाच घेतात ना? आम्हाला पहिल्या कम्युनियनला (पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याला) सिस्टरनीच तयार केलं. ते सांगणं नव्हे?

वसईची_लेक: म्हणजे पोरांना शिकवलेलं चालतं, त्यांच्या बापांना नाही. १९७३ च्या नियमांनुसार मुलांच्या मिस्सेत शुभवर्तमानानंतर एखादी प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेली, व्यक्तीही बोलू शकते. मोठ्यांचेच कान एवढे नाजूक का?

नगरकर: आमच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे प्रोटेस्टंटांत, बाईला पाळकाची दीक्षा मिळते. म्हणून प्रश्न मिटला असं समजू नका. ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासना असते. आदल्या दिवशी गवत काढणं, कबरींना चुना मारणं, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, हे बहुतेक बायकाच करतात. उजाडता उजाडता माइक मात्र एकातून दुसऱ्या पुरुषाच्या हातात जातो. पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं, तरी कुणी बाई बोलायला उठली की बायबलमधल्या प्रेषित पौलाचं ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ तयारच असतं.

तर्कट: तुम्ही सगळे घटना घडली असं धरूनच चाललाय. ‘बायकांची साक्ष तेव्हा कोण मानत नव्हतं, मग खोटी कथा रचणारा त्यांना कशाला आणेल?’ हा युक्तिवाद नेहमीचा. पण चौथ्या शतकातल्या बायबलच्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत मार्क १६:८ लाच संपतो. तिथे बायका घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. मार्कच्याही आधीच्या, करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातली पौलाची यादी बघा: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. बाई एकही नाही. मग पहिली बातमी बायकांची, हे कशावरून?

वसईची_लेक: यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हतं, असं कुठे असतं? पूर्वी रेशनकार्डावर घरातला कर्ता कोण लिहिलेला असायचा, ते आठवा. उलट लूक उघड सांगतो की प्रेषितांना बायकांचं बोलणं बाष्कळ वाटलं. स्वतःच्याच पुढाऱ्यांची अशी नाचक्की कोण हौसेने लिहील? त्यावरून पुनरुत्थान सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, तो श्रद्धेचा भाग. आणि गंमत म्हणजे मार्कचं ८ वं वचनही जागराला वाचत नाहीत, ७ वर थांबतात.

जुनाजाणता: कात्री कात्री काय करताय! रविवारचा भर रिकाम्या थडग्यावर आहे, म्हणून ९ वर थांबतात. सकाळीही जागराचं शुभवर्तमान वाचायची मुभा आहेच, फादरांना विचारा. प्रवचनाचं मात्र मला पटत नाही, पटणारही नाही.

वसईची_लेक: मुभा आहे ना? मग पुढच्या पॅरिश कौन्सिलला (आपल्या चर्चच्या समितीत) तुम्हीच मांडा. मी मांडलं की विषय फुलांच्या वर्गणीवर जातो.