फ्रेंच शब्द कुठे तोडावेत? पुस्तक सुचवावे (१५०० रुपयांपर्यंत)

वहीवाली : डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची ए-२ पातळी जवळ आली आहे. व्याकरण बरे आहे. मात्र मोठ्याने वाचताना शब्दाची अक्षरे, म्हणजे एका झटक्यात उच्चारायचे तुकडे, कुठे फोडावीत ते कळत नाही. सध्या वहीत देवनागरीत उच्चार लिहिते.

कोथरूडकर : 'ल पती रोबेर' हा शब्दकोश घ्यावा. मी तो पॅरिसहून आणला. आपल्या मर्यादेत बसणार नाही, परंतु कायमची सोय होते. देवनागरी मात्र आजच सोडावी.

माहीमचा वाचक : त्या कोशात ध्वनिलिपीतला उच्चार मिळतो, अक्षरफोड मिळत नाही. दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षरात जाते; दोन असतील तर बहुधा एकेक वाटले जाते, म्हणून 'पार-तीर'; परंतु क, ग, प, ब, फ यांच्यामागून ल किंवा र आला तर जोडी फुटत नाही, म्हणून 'ता-ब्लो'. शेवटचे मुके व्यंजन पुढे स्वर आला की अनेकदा उच्चारले जाते : 'ले'च्या शेवटचा मुका 'स' 'झ' होतो, म्हणून 'ले' आणि 'आमी' मिळून 'ले-झा-मी'.

जुनी विद्यार्थिनी : एका ऑनलाइन वर्गाचे भरमसाट शुल्क भरूनही मला यातले काहीच शिकवले नाही. देवनागरीने माझाही घात केला, तेव्हा ती सोडाच.

मडगावकर : 'झा' सरसकट जोडू नये. वीरांना 'ले-ए-रो' म्हणावे. 'ले-झे-रो' म्हटले तर त्यांची शून्ये होतात! नाकातले स्वर आम्हा कोकणी भाषकांना सोपे जातात. मराठी माणूस 'बोँबोँ'चा 'बोम्बोन' करतो.

कोथरूडकर : शनिवार मात्र 'साम-दी', दोनच अक्षरे.

माहीमचा वाचक : लेखनात 'सा-म-दी' अशी तीन, आणि दक्षिण फ्रान्समध्ये बोलतानाही अनेकदा तीनच ऐकू येतात. बारा अक्षरांच्या आलेक्सांद्रँ वृत्तात व्यंजनापूर्वीचा हा मधला दुबळा स्वर मोजलाच जातो.

कोथरूडकर : त्यांना वृत्ताची नव्हे, ए-२ची परीक्षा द्यायची आहे. रोबेरच घ्यावा.

जुनी विद्यार्थिनी : फ्रेंच विक्शनरी या ऑनलाइन कोशात अनेक शब्दांच्या ध्वनिलिपीत अक्षरांमध्ये टिंबे असतात आणि ध्वनिमुद्रणही ऐकता येते. ती फुकट आहे.

वहीवाली : सर्वांचे आभार. विक्शनरी ऐकेन, पुस्तक घेणार नाही, आणि वही देवनागरीतच राहील. 'ब्लो'सारखी न फुटणारी जोडी जोडाक्षरात आपोआप एकत्र राहते. 'पार्तीर' मात्र यापुढे रेघ देऊन 'पार-तीर' असे लिहीन, आणि नाकातल्या स्वरांना अनुस्वाराऐवजी चंद्रबिंदू देईन.

कोथरूडकर : मग विचारले कशाला?