कुकरचा तळ फुगलाय आणि आई रविवारी परत येतेय – मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीचं आहे. सविस्तरच लिहितो, नाहीतर पहिला प्रतिसाद "आधी नक्की काय केलंत ते सांगा" असाच येणार.

आई पंधरा दिवसांसाठी मावशीकडे सोलापूरला गेली आहे. बायकोची या आठवड्यात दुपारची पाळी, म्हणून रात्रीचा कुकर माझ्याकडे. काल डाळ-तांदूळ धुतले, भांड्यांत पाणी घातलं, डाळीत हळद-हिंग टाकलं, जाळी ठेवून वर भांडी रचली, झाकण, शिट्टी, गॅस मोठा. सगळं यथासांग. कुकरच्या तळाशी पाणी घालायचं तेवढं राहिलं. "पाणी घातलंय" हे डोक्यात पक्कं होतं, आणि घातलं होतंच की, पण भांड्यांत.

दहा मिनिटं झाली, शिट्टी नाही. पंधरा झाली. सिलेंडर संपत आला असेल म्हणून वाकून पाहिलं तर ज्योत चांगली निळीशार. मग रबर जळल्याचा वास आला आणि पाठोपाठ झाकणातून फस्स! सेफ्टी व्हॉल्व्ह गेला.

गॅस बंद केला, इथवर ठीक. त्यानंतर मी जास्तीचा शहाणपणा केला. कुकर तसाच उचलून सिंकमध्ये ठेवला आणि वरून नळ सोडला. तळातून 'टण्' असा आवाज आला, देवळातली घंटा कोणी हातोडीने वाजवावी तसा.

आता परिस्थिती अशी की तळ बाहेरून फुगलाय. ओट्यावर ठेवला की पाळण्यासारखा डुलतो. आतून निळसर-करडा गोल डाग. रिंग कडक होऊन झाकणाला चिकटलेली. भात वरून शिजलेला, खालून करपलेला आणि वरणाला टायरचा वास. रात्री दूध-पोहे खाल्ले.

हा पाच लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आईचा लाडका. किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९९४ मध्ये घेतला, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. (आमच्याकडे सगळ्या खरेद्यांची कालगणना भूकंपाच्या आधी आणि नंतर अशीच चालते.) कंपनीचं नाव लिहीत नाही, तिची काहीच चूक नाही.

आज नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. या मॉडेलचा व्हॉल्व्ह त्याच्याकडे नाही. म्हणाला, "भोकात बोल्ट आणि वायसर टाकून टाईट करून देतो, आयुष्यभर बघायला नको." करून घेऊ का? तळ ठोकून सपाट होतो का? आणि नवीनच घ्यावा लागला तर काय घेऊ? कधीमधी इंडक्शनवरही चालला तर बरं.

निवृत्त_फिटर:
बोल्ट अजिबात नको! त्या दुकानाची पायरीसुद्धा पुन्हा चढू नका.

तुमच्या व्हॉल्व्हमध्ये मधोमध मिश्रधातूचा एक ठिपका असतो. कुकर नीट चालतो तेव्हा आत साधारण १२० अंश तापमान असतं, ठिपक्याला काही होत नाही. पाणी संपलं किंवा शिट्टीची नळी डाळीच्या फेसाने बुजली की तापमान वर जातं, ठिपका वितळतो आणि भोक मोकळं होऊन वाफ निघून जाते. काल त्याने त्याचं काम केलं. तिथे बोल्ट ठोकलात तर पुढच्या वेळी नळी बुजल्यावर वाफेला जायला वाटच राहणार नाही, मग झाकणच जाईल. व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा हवा. दुसऱ्याचे आटे बसले तरी लावू नये.

तळाचं म्हणाल तर तो नळामुळे गेला. कोरडा तापलेला पत्रा एकदम गार केला की वेडावाकडा होणारच. पुन्हा असं झालं तर गॅस बंद करायचा आणि कुकरला हात न लावता आपोआप गार होऊ द्यायचा.

चकलीचा_सोऱ्या:
पुण्यात असाल तर तांबट आळीत दाखवून बघा की. आमच्या आजीचा बंब तिथेच ठोकून आणला होता, नव्यासारखा झाला.

निवृत्त_फिटर:
अहो, बंब तांब्याचा आणि त्यात दाब नसतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. ठोकून तळ सपाट दिसेलही, गेलेली ताकद परत येणार नाही. दाब सोसणारं भांडं एकदा वाकलं की ते भांडंच राहिलं, कुकर नाही.

स्टीलची_कढई:
दादा, आधी काळजी सोडा, हे प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं. कबूल करत नाहीत, एवढंच.

आता खरेदी. इंडक्शन हवं असेल तर साधा ॲल्युमिनियमचा बाद. दुकानात फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा आणि कुकरच्या बुडाला लावा. चिकटलं तरच इंडक्शनवर चालेल. पूर्ण स्टीलचा घेणार असाल तर सँडविच बुडाचा घ्या, म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांत ॲल्युमिनियमचा थर. नुसत्या पातळ स्टीलला उष्णता सारखी पसरत नाही, खिचडी एका जागी धरते. तुमच्यासारखा भांड्यांतला वरण-भात असेल तर तो प्रश्न फारसा येत नाही, पण स्टील जड असतं. आईंना भरलेला कुकर एका हाताने उतरवायची सवय आहे का, ते आधी बघा. माझ्या सासूबाईंनी आमचा स्टीलचा दोन दिवसांत माळ्यावर टाकला.

झाकण आतून बसणारं की बाहेरून, हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न. आतल्या झाकणाला वाफच वर दाबून धरते, त्यामुळे दाब असताना ते उघडत नाही. पण आडवं करून घालायची सवय लागते. बाहेरच्या झाकणात उंच भांडी जास्त सोपी बसतात.

आणि आयएसआय खूण बघितल्याशिवाय घेऊ नका. कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि २०२१ पासून ते सक्तीचं आहे. खुणेसोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. ऑनलाइन सेलमध्ये फार स्वस्त दिसला तर हे आधी करा.

चकलीचा_सोऱ्या:
पाण्याची आठवण राहायला एक सांगते. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून आम्ही तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड किंवा चिंचेचं बोटुक टाकतो. ते सगळ्यात आधी टाकायचं, रिकाम्या कुकरात. कोरड्या बुडाशी फोड एकटी पडलेली दिसली की पाणी आपसूक आठवतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. बोल्ट रद्द. फिटरकाका, तुमचा प्रतिसाद दुकानदाराला वाचून दाखवावा असं फार वाटलं, पण त्याच्याकडे आमचा मिक्सर अडकलाय.

शनिवारी पाच लिटरचाच घेतला, ॲल्युमिनियमचा पण बुडाला स्टीलची चकती असलेला. चुंबक चिकटलं. वजन बायकोच्या हाताने तोलून घेतलं, माझ्या नाही.

आई आज सकाळी आली. चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. तिने जुना कुकर उचलला, ओट्यावर ठेवून एकदा डुलवून पाहिला आणि म्हणाली, "भूकंपानंतरचा तो हा नव्हे रे. तो तू बारावीत असताना असाच जाळला होतास, तुझ्या बाबांनी गुपचूप दुसरा आणला. हा तो दुसरा."

म्हणजे माझ्या नावावर दोन झाले. आता मोडीत द्यायला काढलाय. शिट्टी मात्र तिने धुऊन चमच्यांच्या कप्प्यात ठेवली आहे. नव्या कुकरला ती बसत नाही, मी सांगून पाहिलं.