आमचे संगीतमास्तर : सहसेवकांचे आणि मंडळीचे अनुभव

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे संगीतप्रमुख, ज्यांना सगळे ‘मास्तर’ म्हणूनच ओळखतात, यंदा सेवेतून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, हार आणि भाषणे यथासांग झाली; मात्र ते नेमके काय करत होते, हे त्या भाषणांतून फारसे कळले नाही. त्यांच्याबरोबर त्याच मंडळीत पाळक (पाद्री) म्हणून काम केलेला एक जुना सहसेवक या नात्याने मी सर्वांना विनंती करतो की, विशेषणे बाजूला ठेवून एखादी चाल, एखादी तालीम, एखादा प्रसंग लिहावा. सुरुवात मी करतो.

मंगळवारी संध्याकाळी मास्तर माझ्याकडे येत आणि रविवारच्या उपदेशाचा शास्त्रपाठ विचारत. एरवी शनिवारी रात्रीपर्यंत रेंगाळणारे माझे काम त्यांच्या या फेरीमुळे मंगळवारीच मार्गी लागे. एकदा मी बायबलमधील स्तोत्र १३६ सांगितले. या स्तोत्रात सव्वीस वचने आहेत आणि देवाची दया सनातन असल्याचे पालुपद प्रत्येक वचनात येते. नुसते वाचले तर ते संपतच नाही असे वाटते आणि लोक घड्याळाकडे पाहू लागतात. मास्तरांनी पालुपदाला दोन ओळींची साधी चाल दिली, वचनाचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि पालुपद सर्वांनी उचलायचे अशी भजनाची मांडणी केली, आणि वचने गायनवृंदाऐवजी बाकांवर बसलेल्या माणसांना वाटून दिली. मिसर देशातून सुटका झाल्याची वचने त्यांनी कर्त्या पुरुषांना दिली, तर देव सर्व प्राण्यांना अन्न देतो हे पंचविसावे वचन मंडळीतल्या खानावळ चालवणाऱ्या बाईंना. त्या दिवशी माझा उपदेश दहा मिनिटांत आटोपला, कारण सांगायचे बरेचसे आधीच गाऊन झाले होते.

तबल्यावर साथ करणारे

पाश्चात्त्य चालींवर बसवलेल्या जुन्या मराठी गीतांची एक अडचण असते. चाल तिच्या आघाताने पुढे जाते आणि मराठी ओळ ऱ्हस्वदीर्घाच्या हिशोबाने, त्यामुळे कुठे ऱ्हस्व अक्षर उगाच ताणले जाते आणि कुठे दीर्घ अक्षर चिरडले जाते. बहुतेक ठिकाणी हे तसेच गातात. मास्तर मूळ चाल मोडत नसत, पण दीर्घ अक्षरावर स्वर किंचित लांबवून पुढचा स्वर आखूड करत. एकूण मात्रा तेवढ्याच राहत आणि शब्द सरळ उमटत. तीन ठोक्यांची गीते दादऱ्यात सहज बसतात, चार ठोक्यांची केरव्यात किंवा भजनी ठेक्यात, हे मला माहीत होते. पण ठेका बदलला की गीताचा वेगही पुन्हा ठरवावा लागतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. जुन्या पाश्चात्त्य चालींपैकी कित्येक पाचच स्वरांत असतात, आणि ते स्वर भूप रागाचेच निघतात. अशा गीताआधी मास्तर पेटीवर भूपाची लहानशी सुरावट घेत, म्हणजे गीत कुठून आले हा प्रश्नच उरत नसे.

रविवारच्या उपासनेत ढोलकी नको, ती तमाशाची वाटते, असे काही वडिलधाऱ्यांचे म्हणणे होते. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी स्तोत्र १५० वाचून दाखवले, ज्यात फुंकून, छेडून आणि आपटून वाजवायची सगळी वाद्ये येतात, आणि ढोलकी पुढच्या सुगीच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलपर्यंत कपाटात ठेवली. त्या सणाला पिकाच्या राशी वेदीपुढे असताना ती वाजली आणि तक्रार करणाऱ्यांपैकीच एकाने टाळ धरला. माझ्या मते त्यांचे खरे कसब या थांबण्यात होते, जरी तेव्हा मला त्याचा राग आला होता.

गायनवृंदातील एक सदस्या

बहुतेक ठिकाणी पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला ‘सा’ मानून गायचे ते, ठरते ती गाणाऱ्या प्रमुखाच्या गळ्यावरून. मास्तरांचा गळा चढा होता, काळी तीन त्यांना सहज जमे, आणि त्या पट्टीत ते फार सुंदर गात. तरीही मंडळीने गायचे गीत असले की ते पांढरी एक किंवा काळी एकच्या वर जात नसत, आणि आम्हा बायकांना ते खाली वाटते म्हणून आम्ही कुरकुर केली, तर म्हणत, “ताई, मागच्या बाकावरचे आजोबा ज्या ओळीला गप्प होतात, ती ओळ मी उंच लावली आहे.” तालमीच्या वेळी ते आम्हाला गायला लावून स्वतः सभागृहाच्या दाराशी जाऊन उभे राहत.

त्यांच्या वह्या पाहण्यासारख्या आहेत. निळ्या शाईत शब्द, त्यावर पेन्सिलीने सरगम आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल टिंब. श्वास अर्थाच्या मध्येच घेतला तर ते पेटी थांबवत आणि एक अक्षरही न बोलता त्या टिंबावर बोट ठेवत.

संडे स्कूलच्या शिक्षिका

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या निधनाला २०१९ साली शंभर वर्षे झाली, तेव्हा मास्तरांनी मुलांकडून कीर्तन करून घेतले. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात नगरच्याच मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन रुजवले, हे आमच्या मुलांच्या आईवडिलांनाही ठाऊक नव्हते. पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, मास्तरांनी येशूच्या दाखल्यांतील हरवलेले मेंढरू घेतले आणि उत्तररंगात, म्हणजे दुसऱ्या भागात, टिळकांचे चरित्र : रत्नागिरी जिल्ह्यातील जन्म, १८९५ मधला बाप्तिस्मा आणि नगर भागातले कार्य. शब्द मुलांनी स्वतः जुळवले होते, त्यामुळे मेंढरू एका जागी चक्क उसाच्या फडात सापडले. मास्तरांनी ते बदलू दिले नाही.

गिटार वाजवणारा, सध्या पुण्यात

गिटार घेऊन आलेल्या आम्हा पोरांना अनेक मंडळ्यांत तरुणांच्या सभेपुरते ठेवतात. मास्तरांनी आम्हाला रविवारी पेटीशेजारी बसवले, फक्त प्रत्येक शब्दाला कॉर्ड बदलू नका, षड्ज-पंचम (सा-प) धरून ठेवा आणि ओळ संपताना बदला, एवढेच सांगितले. २०२० मध्ये उपासना बंद झाल्या, तेव्हा इंटरनेटवरून एकत्र गाण्याचा आमचा प्रयत्न साहजिकच फसला, कारण प्रत्येकाचा आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. मग मास्तरांनी पेटी आणि ठेक्याची एकच ध्वनिफीत सर्वांना पाठवली, ती कानात ऐकत प्रत्येकाने घरी आपला आवाज मोबाइलवर नोंदवला आणि मी ते सगळे एकत्र जोडले. एका आत्यांच्या नोंदीत कुकरची शिट्टी होती. मी ती काढणार होतो, मास्तरांनी ठेवायला लावली.

मंडळीतील एक विधवा भगिनी

माझ्या यजमानांच्या दफनविधीला मास्तर पेटीशिवाय आले होते. कबरस्तानात लोक नेहमी इतके हळू गातात की गीत मध्येच बसते, म्हणून त्यांनी मुद्दाम खालची पट्टी लावली आणि चालतानाच्या पावलांचा वेग धरला. मला गाता येत नव्हते, पण आजूबाजूचे सगळे शेवटच्या कडव्यापर्यंत गात होते. एवढेच लिहायचे आहे.

गायनवृंदाचे सध्याचे प्रमुख

वह्यांचा उल्लेख वर आला आहे, म्हणून लिहितो. मास्तरांनी पाच वह्या माझ्या हवाली केल्या. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील गीतांची वही मात्र त्यांत नाही आणि ती कोणाला दिली हे त्यांनाही आठवत नाही. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी चौथ्यानंतर आम्ही पेटी बंद ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर जे स्तोत्र २२ गातो, त्याच्या मधल्या कडव्यांची सरगम त्याच वहीत आहे. ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी रविवारी उपासनेपूर्वी आणून द्यावी. आणि ज्यांना ती कडवी तोंडपाठ आहेत त्यांनी गुरुवारच्या तालमीला यावे, मास्तरही येणार आहेत.