इंग्लंडच्या गावांत चालायला पायवाटा पुरेशा आहेत, रानोमाळ फिरायचा हक्क नको

गडवाट_मँचेस्टर (धागाकर्ता)

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सध्या एक सह्यांचा अर्ज फिरतोय. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर फिरायचा हक्क मिळाला, तसाच इंग्लंडमध्येही द्या, अशी मागणी आहे. पुष्कळांनी सही केली. मी केली नाही, आणि त्याची कारणं इथे मांडतो.

पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातल्या एडल गावाचंच घ्या, कारण मँचेस्टर-शेफील्डकडचे आपण सगळे तिथे जातो. ट्रेनमधून उतरलं की वर गावात चर्च, शाळा, ओल्ड नॅग्ज हेड पब, आणि तिथूनच पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट सुरू होते. थेट स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येथोमपर्यंत, 268 मैल. पण सुरुवातीची वाट जाते ती कुणाच्या तरी चालत्या शेतीतून. कुरणात दगडी फरशा टाकलेली एक अरुंद पट्टी, दोन्ही अंगांना मेंढ्या, पुढे कोकणात असतो तसा मातीचुन्याशिवाय रचलेला गडगा, त्यात आपोआप बंद होणारं लाकडी फाटक आणि फाटकाच्या खांबावर पिवळा बाण. मालकाला विचारायचं नाही, पावती फाडायची नाही. शेताच्या मधून जाणारी वाट त्याने नांगरली, तर 14 दिवसांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. बांधालगतची वाट तर नांगरायचीच नाही. अशा सार्वजनिक हक्काच्या वाटा इंग्लंड-वेल्समध्ये मिळून सुमारे 2,25,000 किलोमीटर आहेत, आणि ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या सरकारी नकाशासंस्थेच्या एक्स्प्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी प्रत्येक वाट दाखवलेली आहे.

ही व्यवस्था टिकली, कारण रेषा ठरलेली आहे. माणसं कुठून येणार हे शेतकऱ्याला माहीत असतं, त्या हिशोबाने तो जनावरं बांधतो, सोडतो, हलवतो. उद्या कुणीही कुठूनही यायला लागलं, तर तो आज जे निमूट सोसतो तेही सोसणार नाही. आपण ज्यांच्या गावात जातो त्यांचं पोट त्या कुरणावर चालतं. आहे तो हक्क जपूया, वाढवायच्या नादात तो गमावायला नको.

मीनल_शेफील्ड

दादा, एडलचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण त्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या किंडर स्काउट पठाराचं नाव घेतलं नाहीत! 1932 मध्ये तो माळ ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेला होता. वर्षातले मोजके दिवस शिकार, आणि बारा महिने गिरणी कामगारांना मज्जाव. 24 एप्रिल 1932 ला हेफील्डच्या बाजूने काहीशे तरुण मुद्दाम वर घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना तुरुंगवास झाला, तोही मुख्यतः दंगा आणि बेकायदा जमावाच्या कलमांखाली, कारण दुसऱ्याच्या जमिनीवर नुसतं पाऊल टाकणं हा तेव्हा गुन्हा नव्हताच. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. त्याला चार महिने झाले.

1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1965 मध्ये पेनाइन वे, हे सगळं त्यानंतरचं. 2002 मध्ये तर त्या माळाच्या जुन्या जमीनदार घराण्यातल्या, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने आपल्या आजोबांच्या काळातल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. "आहे तेवढ्यात समाधान माना" असं तेव्हाही शहाणी माणसं सांगत होती. त्यांचं ऐकलं असतं तर तुम्हाला त्या पठारावर आज चढता आलं नसतं.

आणि 2000 च्या कायद्याने वाट सोडूनही फिरायला मिळालेली मोकळी जमीन इंग्लंडच्या जेमतेम 8 टक्के आहे, तीही मुख्यतः उत्तरेकडचे डोंगर नि माळ. आपण एडलला ट्रेनने जातो म्हणून आपल्याला ते सगळीकडे असल्यासारखं वाटतं.

केंब्रिजवाली

+1 मीनल. इथे चहूकडे सपाट शेतजमीन आहे, मोकळा माळ नावालाही नाही. लहान मुलांना घेऊन गावाबाहेर पडलं की वाट एका मोठ्या रस्त्यावर येऊन संपते, फुटपाथ नाही, गाड्या ताशी साठ मैलांच्या वेगाने जातात. शेजारी रान दिसतं, त्यात पाय टाकता येत नाही.

जनावरांचा_डॉक्टर (डर्बीशायर)

मी याच भागात पशुवैद्य आहे. रोज गोठ्यांत जातो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

मार्च ते मे कोकरांचा हंगाम. गाभण मेंढीच्या मागे मोकळं कुत्रं नुसतं धावलं, चावलं नाही, तरी ती गाभडते. ही प्रकरणं मी स्वतः हाताळली आहेत. सकाळी बोलावणं येतं, मेंढी कोपऱ्यात गडग्याला टेकून धापा टाकत उभी असते, अंगावर एक ओरखडा नसतो, आणि संध्याकाळपर्यंत दोन मेलेली कोकरं ओढून काढावी लागतात. कुत्र्याचा मालक तोवर घरी पोचलेला असतो. त्याला काही कळत नाही, आणि त्याच्या मनात वाईटही काही नसतं. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी चाऱ्यात गेला तर गायीही गाभडतात. म्हणून तर मोकळ्या माळावर 1 मार्च ते 31 जुलै कुत्र्याला दोन मीटरच्या आत दोरीने धरायची सक्ती आहे. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांनाही, कर्ल्यू झाले, आपल्या टिटवीच्या जातीचे लॅपविंग झाले, त्याचाच आधार आहे.

वासरं असलेल्या गायींबद्दल तर हात जोडून सांगतो. दर वर्षी या देशात गायींच्या हल्ल्यात माणसं मरतात. गायी अंगावर आल्या तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, ते पळून जाईल, तुम्ही फाटक गाठा. कळपाच्या मधून जाऊन फोटो काढू नका. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू वाट असलेल्या शेतात ठेवायला बंदी आहे, पण मांसाच्या जातीचा वळू गायींसोबत असेल तर चालतो, हे आपल्या लोकांना ठाऊकच नसतं.

तेव्हा माझं मत धागाकर्त्याच्या बाजूचं. स्कॉटलंडमध्ये 55 लाख माणसं, इंग्लंडमध्ये साडेपाच कोटींच्या वर. पीक डिस्ट्रिक्टच्या एका अंगाला मँचेस्टर, दुसऱ्या अंगाला शेफील्ड. तिकडचा कायदा उचलून इकडे ठेवला तर पहिला भार या खोऱ्यांतल्या लहान शेतकऱ्यांवर पडेल. बड्या जमीनदारांचं काही बिघडणार नाही.

मीनल_शेफील्ड

डॉक्टर, कुत्र्यांचं शंभर टक्के मान्य. पण स्कॉटलंडच्या कायद्यातही उभं पीक आणि घराभोवतीचं आवार वगळलेलंच आहे, आणि हक्क जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे. तुम्ही वर्णन केलेलं नुकसान आज, पायवाटांच्याच व्यवस्थेत होतंय. म्हणजे दोष वागणुकीचा आहे. तो कुत्रेवाल्यांना शिकवून, दंड करून सुटेल. त्यासाठी इतर सगळ्यांना 92 टक्के जमिनीबाहेर का ठेवायचं?

मावळकर (पुणे)

मी इंग्लंड पाहिलेलं नाही, पण हे वाचून राहवलं नाही. मुळशी-मावळात आमच्या डोळ्यांदेखत जुन्या वाटा बंद झाल्या. घाटाखाली उतरणाऱ्या वाटेवर फार्महाऊसचा प्लॉट पडतो, तारेचं कुंपण येतं, रखवालदार हाकलतो. गावकऱ्याला शेतात जायची वहिवाट अडवली तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण नुसतं चालायला आलेल्या माणसाला काहीच नाही. नकाशावर आखलेली आणि कायद्याने राखलेली वाट मिळाली असती तर आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो असतो. धागाकर्त्यांशी सहमत, आहे ते आधी घट्ट धरा.

गडवाट_मँचेस्टर (धागाकर्ता)

मावळकर, वहिवाटीचा मुद्दा इथेही लागू आहे आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे. एखाद्या वाटेवरून लोक 20 वर्षं उघडपणे, न विचारता, न अडवता ये-जा करत असतील, तर ती सार्वजनिक वाट म्हणून नोंदवून घेता येते. शिवाय जुन्या नकाशांत असलेल्या, पण अधिकृत नोंदीत राहून गेलेल्या कितीतरी वाटा आहेत. त्या नोंदवायला आधी 2026 ची मुदत होती, मग 2031 केली, आणि 2024 च्या डिसेंबरात ही मुदतच काढून टाकणार असं सरकारने जाहीर केलं. केंब्रिजवाली, तुमच्या गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर संपणारी वाट पूर्वी पुढे कुठे जात होती, ते काउंटीच्या अभिलेखागारात जाऊन बघा. एकोणिसाव्या शतकातले जमीनवाटपाचे नकाशे तिथे मिळतात. अशी एक वाट नोंदली गेली तर तुमच्या मुलांच्या रोजच्या उपयोगाची.

मीनल, किंडरचा इतिहास मला मोलाचा वाटतो. पण ती लढाई शिकारीसाठी अडवलेल्या उजाड माळाची होती. कोकरं असलेल्या कुरणाला तोच न्याय लावता येत नाही.

केंब्रिजवाली

अभिलेखागाराचं माहीत नव्हतं, नक्की जाते. पण दादा, नोंदणीच्या अर्जांना वर्षानुवर्षं लागतात असं आमच्या चालणाऱ्यांच्या गटातले जुने लोक सांगतात. तोवर माझी मुलं कॉलेजात जातील. सही मी केली आहे, मागे घेणार नाही.

मीनल_शेफील्ड

मलाही कोकरांचं कुरण नकोच आहे. मला नदीकाठ हवा आहे, खासगी जंगलं हवी आहेत, दक्षिणेकडच्या डाउन्स टेकड्यांच्या उतारावरचं गवत हवं आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक नद्यांवर होडी घालायचा किंवा पोहायचा स्पष्ट हक्क आजही कुणाला नाही. अर्जात नद्या आणि जंगलांची स्वतंत्र मागणी आहे, पान दोनवर. शेतीची जमीन बाजूला ठेवून फक्त तेवढ्या मागणीला तुमचा आणि डॉक्टरांचा विरोध आहे का, ते सांगा.

जनावरांचा_डॉक्टर (डर्बीशायर)

जंगलांना विरोध नाही. नदीकाठाचं कठीण आहे, उन्हाळ्यात जनावरं तिथेच पाण्यावर येतात. जिथे काठाला कुंपण घालून गुरांचं पाणी वेगळं केलंय, तिथे खुशाल द्या.