मर्यादा, डच्चू, एप्रन : एनबीएच्या पगाराला मराठी शब्द कोणते?

जून 2025. सकाळी चहा घेत होतो तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला : ‘पगारमर्यादा ओलांडली म्हणून बोस्टनने हॉलिडेला डच्चू दिला. वर्षभरापूर्वी ट्रॉफी जिंकून देणारा माणूस! मालक चिक्कू आहेत.’

भाचा बोस्टन सेल्टिक्सचा कट्टर चाहता. मीही वीसेक वर्षं एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग बघतो, भल्या पहाटे उठून बघतो. त्याची समजूत घालायला लिहायला बसलो आणि अडलो. राग खराच होता, पण वाक्यातला एकेक शब्द घडलेल्या गोष्टीपेक्षा वेगळंच काहीतरी सांगत होता. तेव्हापासून हे शब्द मनात घोळतायत, म्हणून इथे मांडतो.

आधी ‘डच्चू’. क्रीडापानावरचा आपला जुना, लाडका शब्द. निवड समितीने नाव वगळलं की डच्चू. ज्याला तो मिळतो तो घरी बसतो आणि पुढच्या निवडीची वाट बघतो. जरू हॉलिडे घरी बसला नाही. तो पोर्टलंडला गेला आणि तिथला अन्फर्नी सायमन्स बोस्टनला आला. याला ट्रेड म्हणतात, आणि माझ्या मते ‘अदलाबदल’ हाच त्याचा नेमका शब्द आहे. ‘विकला’ म्हणू नये. पगारमर्यादेच्या वर असलेल्या संघांना देताना आणि घेताना दोन्हीकडचे पगार ठरावीक हिशेबात जुळवावे लागतात. नुसते पैसे मोजून खेळाडू नेता येत नाही. फेब्रुवारी 2025मध्ये डॅलसचा लुका डोन्चिच लेकर्सकडे गेला तेव्हा अँथनी डेव्हिस डॅलसकडे आला. आयपीएलमध्ये हार्दिक पांड्या नोव्हेंबर 2023मध्ये गुजरातकडून मुंबईकडे परतला, त्या बदल्यात मुंबईचा कोणी खेळाडू गुजरातला गेला नाही, पैसे गेले. दोन्हीला ट्रेडच म्हणतात, पण मराठीत दोन्हीला एकच शब्द वापरला तर वाचकाची फसगत होते.

आता खरी अडचण, ‘मर्यादा’. सॅलरी कॅपला आपण वेतनमर्यादा किंवा पगारमर्यादा म्हणतो. नुसतं ‘कॅप’ लिहावं तर क्रिकेटवाल्यांच्या डोळ्यांपुढे ऑरेंज कॅप नाहीतर कसोटी पदार्पणाची टोपी येते, म्हणून ‘मर्यादा’ बरा. पण मराठी वाचकाला संघाच्या खर्चाची मर्यादा माहीत आहे ती आयपीएलच्या ‘पर्स’मुळे. 2025च्या मोसमासाठी प्रत्येक संघाकडे, राखून ठेवलेल्या खेळाडूंचे धरून, 120 कोटी होते. लखनौने ऋषभ पंतला 27 कोटी दिले, तेवढे त्यातून वजा झाले. बटवा रिकामा झाला की बोली बंद. अंथरूण पाहून पाय पसरायचे, कारण अंथरूण संपलं की जमीनच नाही.

एनबीएचं तसं नाही. तिथली मर्यादा आली 1984-85च्या मोसमात, 36 लाख डॉलरची, आणि पहिल्यापासूनच ती ओलांडता येते. सगळ्यात बोलका दाखला मायकल जॉर्डनचा. 1997-98मध्ये संपूर्ण संघासाठी मर्यादा होती सुमारे 2 कोटी 69 लाख डॉलर, आणि एकट्या जॉर्डनचा पगार होता 3 कोटी 31 लाख. मर्यादेपेक्षा एका माणसाचा पगार जास्त, आणि सगळं नियमात बसणारं! स्वतःकडे तीन मोसम खेळलेल्या खेळाडूला मर्यादा ओलांडून ठेवून घ्यायची मुभा संघाला आहे. बोस्टनचा जुना खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावावरून तिला बर्ड राइट्स म्हणतात. (यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर इथे ‘पक्ष्यांचे हक्क’ मिळतात. विशेषनामाचं भाषांतर करू नये, ‘बर्ड-सवलत’ म्हणावं.)

म्हणजे ‘मर्यादा ओलांडली म्हणून’ हे कारणच लागू पडत नाही. लीगमधले बहुतेक संघ ती ओलांडूनच असतात.

मग बोस्टनला नडलं काय? मर्यादेच्या वर आणखी तीन रेषा आहेत. 2025-26च्या मोसमाचे आकडे असे : मर्यादा 15 कोटी 46 लाख डॉलर, त्यावर लक्झरी टॅक्सची रेषा, 18 कोटी 79 लाख, मग पहिला एप्रन, 19 कोटी 59 लाख, आणि दुसरा एप्रन, 20 कोटी 78 लाख. जेसन टेटमचा पाच वर्षांचा 31 कोटींच्या पुढचा करार, जेलेन ब्राउनचा 30 कोटींच्या घरातला, आणि त्यावर हॉलिडे, पोर्झिंगिस. पगार आणि कर मिळून एका वर्षाचा खर्च 50 कोटी डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज होता.

लक्झरी टॅक्सला ‘दंड’ म्हणायचा मोह होतो. दंड गुन्ह्याला बसतो, आणि इथे गुन्हा काही नाही. चैनकर, ऐषाराम कर हेही वाचलंय. पण आपला बचावपटू ठेवून घेणं ही चैन कशी? 2024-25पर्यंत रेषेच्या वरच्या पहिल्या टप्प्यात दर डॉलरमागे दीड डॉलर द्यावा लागे, पुढे दर चढत जातो, आणि जे संघ वर्षानुवर्षं रेषेवर राहतात त्यांना आणखी जास्त. मला ‘अधिभार’ जवळचा वाटतो.

आणि हा अधिभार मालक भरतो तेव्हा तो काय करतो, यासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीकडे बघायची गरजच नाही : पदरमोड. 2021-22मध्ये गोल्डन स्टेटने नुसता अधिभारच सुमारे 17 कोटी डॉलर भरला आणि त्या जूनमध्ये अजिंक्यपद पटकावलं. पदरमोड कारणी लागली.

एप्रनवर मात्र माझं अडलंय. मराठीत एप्रन म्हणजे डॉक्टरांचा, प्रयोगशाळेतला पांढरा कोट. इथे अर्थ आहे मुख्य रेषेला लागून असलेली पट्टी. ‘पदर’ म्हणावं तर पदरमोडीशी घोटाळा होतो. काय म्हणावं?

*

तुमचं विवेचन आवडलं, पण ‘मर्यादा’ शब्दावर तुम्ही उगाच नाराज आहात. तुम्ही आयपीएलच्या बाजूने बघताय. जरा आपल्या रोजच्या व्यवहाराकडे बघा. मुलीच्या प्रवेशासाठी नॉन-क्रीमी लेयरचा दाखला काढला, तेव्हा अर्जावर ‘उत्पन्नमर्यादा 8 लाख’ असंच होतं. त्याचा अर्थ कोणी असा घेतो का, की 8 लाखांवर कमवायला बंदी आहे? खुशाल कमवा, फक्त सवलत जाते. मर्यादेच्या आत असाल तर काही गोष्टी मिळतात, बाहेर गेलात तर त्या मिळत नाहीत. तुम्ही जे एनबीएचं सांगताय ते हेच तर आहे!

दुसरीकडे शेतजमिनीची कमाल धारणा बघा. 1961चा सीलिंगचा कायदा. आमच्या गावाकडे अजून ‘सीलिंगची जमीन’ म्हणतात. तिथे मर्यादेच्या वरची जमीन सरकारजमा. आयपीएलची पर्स त्या जातीची.

म्हणजे मराठीत दोन्ही मर्यादा आहेत, आणि आपल्याला दोन्ही कळतात. पहिलीला सैल मर्यादा म्हणा, दुसरीला पक्की. शब्द बदलायला नको.

एप्रनसाठी : घराच्या भिंतीला लागून जी पट्टी असते तिला कोकणात पडवी म्हणतात. पहिली पडवी, दुसरी पडवी?

*

निवृत्त शिक्षक आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. बास्केटबॉल नातवामुळे बघतो. ‘रोस्टर’ला, म्हणजे संघातल्या खेळाडूंच्या यादीला, तुम्ही कोणी शब्दच सुचवला नाहीत, म्हणून लिहितो.

सरकारी नोकरीत रोस्टर म्हटलं की बिंदुनामावली आठवते, ती इथे कामाची नाही. संघ, पथक, चमू हे शब्द मैदानात उतरणाऱ्यांनाही लागतात. आमच्या शाळेत शब्द होता ‘पट’. पटावर 42 मुलं, हजर 36. पटावर नाव आहे याचा अर्थ ते मूल आज वर्गात आहे असा नाही. ते आपल्या शाळेचं आहे, एवढाच. नातू सांगतो, एनबीएत पंधरा जण पटावर असतात आणि सामन्याला त्यातले काही दुखापतीने बाहेर. अगदी आमच्या हजेरीसारखं.

आणि मूल शाळा सोडून गेलं की आम्ही ‘पटावरून नाव कमी केलं’ असं लिहीत असू. हेही उपयोगी पडेल का बघा.

*

सर, उपयोगी पडेल का म्हणता? मी महिनाभर ज्या शब्दासाठी अडलो होतो तो तुम्ही दिलात!

करार संपण्याआधीच खेळाडूला सोडणं, इंग्रजीत ज्याला ‘वेव्ह’ करणं म्हणतात, त्याला आपल्याकडे ‘करारमुक्त केलं’ असं छापून येतं. आयपीएलला ते चालतं. एनबीएत मात्र हमी असलेला करार मोडत नाही, पैसे द्यावेच लागतात. जुलै 2025मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डला मोकळं केलं. एप्रिलमध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली होती आणि कराराची दोन वर्षं, मिळून सुमारे 11 कोटी 30 लाख डॉलर बाकी होते. लिलार्ड पोर्टलंडला परतला, पण ते 11 कोटी मिलवॉकीच्याच खात्यावर राहिले. ज्याचे पैसे अजून फेडायचेत त्याला करारमुक्त कसं म्हणायचं? ‘पटावरून नाव कमी केलं’ हे शंभर टक्के खरं : नाव गेलं, जागा रिकामी झाली, देणं राहिलं.

ते देणं मिलवॉकीने पाच वर्षांत वाटून घेतलं, वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, असा नियम आहे. याला इंग्रजीत ‘स्ट्रेच’ म्हणतात आणि ‘पगार ताणला’ असं मी स्वतः लिहून बसलो होतो. आता वाचताना जाणवतं की मराठीत पगार कोणी ताणत नाही. आपण हप्ते पाडतो. मिलवॉकीने लिलार्डच्या देण्याचे पाच हप्ते पाडले आणि मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. हे वाक्य बास्केटबॉल कधीही न पाहिलेल्या माझ्या आईला एका झटक्यात समजलं.

ताई, उत्पन्नमर्यादेचा मुद्दा बिनतोड आहे. मी माझं म्हणणं मागे घेतो. वेतनमर्यादा हाच शब्द ठेवू, आणि ‘सैल’, ‘पक्की’ हे तर फारच कामाचे आहेत, कारण एनबीएत पक्की मर्यादाही आहे. काही ठरावीक सवलती वापरल्या की त्या मोसमापुरती संघाला पहिल्या एप्रनवर पक्की मर्यादा लागते, त्यावर एक डॉलरही चढता येत नाही. एकाच लीगमध्ये खाली सैल, वर पक्की. हे दोन शब्द हाताशी नसल्यामुळे कितीतरी भांडणं होतात.

पडवीबद्दल मी बराच विचार केला. चित्र सुरेख आहे, पण पडवीत माणूस आरामात बसतो. दुसऱ्या एप्रनमध्ये आराम नाही. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2023च्या करारातून तो आला, आणि त्या रेषेवर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा, हक्क गोठतो, आणि रेषेवर असंच राहिलं तर तो हक्क त्या फेरीच्या शेवटी ढकलला जातो. म्हणून मी अर्थावरून जाऊन ‘निर्बंधरेषा’ म्हणेन. पहिली निर्बंधरेषा, दुसरी निर्बंधरेषा. कंसात एकदा एप्रन लिहिलं की काम झालं.

हा शब्द सापडल्यावर भाच्याला जे सांगायचं होतं तेही सापडलं. अधिभार पदरमोड करून भरता येतो, निर्बंध पदरमोड करून उठत नाहीत. मालक कितीही दिलदार असला तरी दुसऱ्या रेषेच्या वर संघ बांधायचे हातच बांधले जातात. त्यातून मे महिन्यात टेटमच्या टाचेची शीर तुटलेली, म्हणजे पुढचं जवळजवळ सगळं वर्ष तो नसेल असंच दिसत होतं. चिक्कूपणाचा आरोप अधिभारापुरता करता येईल, त्यावर वाद घालायला मी तयार आहे. निर्बंधरेषेच्या बाबतीत तो अन्यायाचा आहे.

त्याला मी असं लिहिलं : ‘दुसऱ्या निर्बंधरेषेखाली येण्यासाठी बोस्टनने हॉलिडे आणि सायमन्सची अदलाबदल केली आणि पोर्झिंगिसला अटलांटाकडे दिलं.’ त्याचं उत्तर आलं, ‘मामा, तरी वाईट वाटतंच.’ मलाही वाटलं होतं.

*

पटाचा शब्द घेतला. पण मग टू-वे करारावरचे ते तीन जण? पटावरच्या पंधरांत ते मोजत नाहीत, आणि अर्धं वर्ष जी लीगमध्ये, एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, असतात.

*

‘दुहेरी करार’ म्हणू या. पटावर पंधरा, शिवाय दुहेरी करारावर तीन. ‘राखीव’ म्हणू नका, राखीव खेळाडू बाकावर बसलेला असतो आणि ही मुलं तिकडे रोज खेळत असतात.